स्वस्त डिस्कांची जूट

मनुष्यास जें टिकवावयाचें असतें तें टिकविण्याचे दोन मार्ग तो फार प्राचीन काळापासून चोखाळीत आला आहे. एक मार्ग राजाचा व दुसरा पोथी उतरणाऱ्या लेखनिकाचा. राजा आपलें दानपत्र तांब्याच्या पत्र्यावर कोरवितो किंवा आपली आज्ञा खडकांत खोदवितो. वस्तु एकच, परंतु ती इतकी बळकट कीं काळाचे दांत तिच्यावर सहसा चालूं नयेत. लेखनिकाची गोष्ट ह्याच्या उलट आहे. त्याचा कागद फाटतो, शाई फिकी पडते, वाळवी आणि ओल तर त्याच्या पांचवीलाच पुजलेली असतात. म्हणून तो एक प्रत काशीस, एक तंजावरास, एक कोठल्या तरी आडगांवच्या मठांत अशी आपली ठेव विखरून ठेवतो. शिलालेख फुटला म्हणजे तो संपला; पोथी जळाली तरी तिची बहीण दुसऱ्या गांवीं जिवंत असते.

हा दुसरा मार्ग संगणकाच्या दुनियेंत आमच्या डोळ्यांदेखत पुन्हां एकदां प्रतिष्ठा पावला आहे. एखादा छायाचित्रकार, एखादा संशोधक विद्यार्थी, जुन्या ध्वनिमुद्रिका जमविणारा एखादा हौशी गृहस्थ बाजारांतून एक्स्टर्नल हार्ड डिस्का एकामागून एक विकत आणतो, त्या एका जुन्या संगणकास जोडतो, आणि थोडक्या पैशांत घरच्या घरीं दफ्तरखाना उभा करतो. वरवर पाहतां ही केवळ काटकसर आहे. परंतु ह्या काटकसरीमागें सुमारें सत्तर वर्षांचा इतिहास असून, त्याचा बोध ज्याला झाला नाहीं त्याचा दफ्तरखाना एखाद्या दिवशीं अचानक रिकामा निघण्याचा संभव आहे. तो इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

ह्या इतिहासाचा आरंभ अर्थात् राजाच्या मार्गानें झाला. १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें रॅमॅक नांवाचें यंत्र जगापुढें आणलें. कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथील प्रयोगशाळेंत रेनॉल्ड जॉन्सन ह्यांच्या देखरेखीखालीं तें सिद्ध झालें होतें. चुंबकीय लेप दिलेल्या, चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या एका उभ्या दांड्यावर बसविलेल्या होत्या व त्या मिनिटास १२०० फेरे घेत. सगळ्या चकत्या मिळून ५० लक्ष अक्षरें सांठवीत. वजन सुमारें एक टन आणि संबंध यंत्राचें भाडें महिन्यास ३,२०० डॉलर! आजच्या खिशांतील फोननें काढलेलें एक चांगलें छायाचित्रहि त्या धुडांत मोठ्या मिनतवारीनें मावेल. तथापि पुढील सर्व डिस्कांची ही मूळ पुरुष आहे हें विसरतां कामा नये. पुढें १९७३ सालीं, विंचेस्टर ह्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या डिस्कमध्यें चकत्या व त्यांवरून फिरणारे हात एकाच बंद डब्यांत ठेवण्याची युक्ति निघाली, आणि धुळीचा शिरकाव थांबला. सारांश, त्या काळचें धोरण असें होतें कीं, डिस्क एकच असावी, पण ती होईल तितकी मोठी, महाग व भरंवशाची असावी.

१९८० सालीं ह्या रंगभूमीवर एक नवें पात्र आलें. सीगेट ह्या नव्यानेंच निघालेल्या कंपनीनें सव्वापांच इंची डिस्क विक्रीस काढली. तिची धारणाशक्ति पांच मेगाबाइट, म्हणजे रॅमॅकहून किंचित् अधिक, आणि आकार एखाद्या जाड ग्रंथाएवढा. ती लहान, वैयक्तिक संगणकांकरितां होती. बँकांचे व सरकारी खात्यांचे हिशेब ठेवणाऱ्या मोठ्या यंत्रांशीं तिचा कांहीं संबंध नव्हता. परंतु बाजाराचा एक नियम आहे. जी वस्तु लाखांनीं खपते ती वर्षागणिक सुधारते आणि स्वस्तहि होते. जी शेंकड्यांनीं खपते तिची सुधारणा बैलगाडीच्या चालीनें होते. पांचसात वर्षांतच ह्या चिमुकल्या डिस्कांनीं असा पल्ला गांठला कीं, थोरल्या डिस्कांचें सिंहासन डळमळूं लागलें.

ही गोष्ट नीट गणित मांडून दाखविण्याचें काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील तिघां विद्वानांनीं केलें. डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ हीं त्यांचीं नांवें. १९८८ सालीं शिकागो येथील परिषदेंत त्यांनीं एक निबंध सादर केला, आणि त्यांत स्वस्त डिस्कांच्या जुटीचा पक्ष उघडपणें घेतला. एकीकडे त्यांनीं आय.बी.एम.ची ३३८० ही थोरली डिस्क ठेवली: धारणाशक्ति ७,५०० मेगाबाइट, विजेची भूक ६,६०० वॅट. दुसरीकडे कॉनर कंपनीची लहान डिस्क ठेवली: धारणाशक्ति १०० मेगाबाइट, भूक अवघी १० वॅट. अशा ७५ लहान डिस्का एकत्र केल्या तर थोरलीची बरोबरी होते आणि वीज लागते ती सुमारें एक नवमांश. शिवाय ७५ हात एकाच वेळीं काम करूं लागल्यामुळें मजकूर काढण्याघालण्याची गति वाढते ती वेगळीच.

मग अडचण कोठें होती? अडचण मरणाच्या हिशेबांत होती. एका डिस्कचें सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलें, तर शंभर डिस्कांच्या समूहांत पहिली डिस्क मरावयास सरासरी ३०० तास, म्हणजे पंधरवड्याहूनहि कमी वेळ पुरतो. हजार डिस्का असतील तर अवघे ३० तास. एका माणसाला वर्षांतून एकदांच ताप येत असला, तरी चारशें वस्तीच्या गांवांत रोज कोणी ना कोणी अंथरुणास खिळलेला असतोच, त्यांतलाच हा प्रकार. ज्या जुटींत एक गडी पडतांच सगळ्यांचें काम बंद पडतें, ती जूट एकट्या पहिलवानापेक्षांहि दुबळी होय.

ह्या अडचणीवर त्यांनीं सांगितलेला तोडगा समजण्यास मोठें गणित नको. समजा, तीन कप्प्यांत अनुक्रमें ७, ५ व ९ हे आंकडे ठेवले आणि चौथ्या कप्प्यांत त्यांची बेरीज २१ लिहून ठेवली. उद्यां दुसरा कप्पा चोरीस गेला तर २१ मधून ७ व ९ वजा करावे. हरवलेले ५ परत हातीं येतात. कोणताहि एक कप्पा गेला तरी उरलेले तीन त्याची साक्ष देतात. डिस्कांवर ही बेरीज शून्य आणि एक ह्या दोनच अंकांत, जरा निराळ्या रीतीनें करतात, तत्त्व हेंच. ही युक्ति अगदींच अपूर्व होती असें मात्र नाहीं. आय.बी.एम. मधील नॉर्मन केन ओउची ह्यांस अशाच योजनेचें पेटंट १९७८ सालीं मिळालेलें होतें. आणि टँडेम कंपनीचीं यंत्रें सत्तरीच्या दशकापासून प्रत्येक मजकूर दोन डिस्कांवर जोडीनें लिहीत होतीं. बर्कलेकरांचें श्रेय असें कीं, त्यांनीं ह्या सुट्या युक्त्यांचे पांच प्रकार लावून दिले, त्या सर्वांस रेड हें एक नांव दिलें, आणि त्यांचा हिशेब चोख मांडला. शंभर डिस्कांमागें, दर दहांस एक याप्रमाणें, दहा डिस्का बेरजेकरितां राखून ठेवल्या व मेलेली डिस्क तासाभरांत बदलली, तर मजकूर गमावण्यास सरासरी ८,२०,००० तास, म्हणजे नव्वद वर्षांहून अधिक काळ लागेल, असें त्यांनीं दाखविलें. पंधरवड्याचीं नव्वद वर्षें झालीं! स्वस्त डिस्कांच्या राज्याची सनद ती हीच.

येथें एका शब्दाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. रेड ह्या इंग्रजी आद्याक्षरांतील एक अक्षर मूळांत 'स्वस्त' ह्या अर्थाच्या शब्दाचें होतें. पुढें कारखानदार हीच व्यवस्था भारी किंमतीच्या कपाटांतून विकूं लागले, तेव्हां त्या अक्षराचा अर्थ हळूहळू पालटून 'स्वतंत्र' असा सांगण्यांत येऊं लागला. भारी दाम मोजणाऱ्या गिऱ्हाइकास मालाच्या नांवांतच 'स्वस्त' हा शब्द दिसणें कोणत्या व्यापाऱ्यास रुचेल? पण ह्या चतुराईंत एक खरें तत्त्व नकळत बोलून दाखविलें गेलें. वर दिलेला नव्वद वर्षांचा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: एका डिस्कच्या मरणाचा दुसरीच्या मरणाशीं कांहीं संबंध नसावा. त्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्या तरच बेरीज कामास येते. दोघी एकदम गेल्या तर २१ मधून काय काय वजा करावें हें कोणासच सांगतां यावयाचें नाहीं.

मराठी वाचकांस हें तत्त्व परकें वाटूं नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य १९१९ सालीं आरंभिलें व तें १९६६ सालीं पुरें झालें. १९२५ पासून १९४३ सालीं आपल्या निधनापर्यंत ह्या कार्याची धुरा वाहणारे डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांची एक मुख्य कसोटी अशी होती कीं, एकमेकींपासून अलग वाढलेल्या परंपरा ज्या पाठावर एकमत होतात तो पाठ जुना मानावा. काश्मीरची शारदा लिपींतली पोथी आणि केरळांतली मल्याळी लिपींतली पोथी ह्यांचा मेळ बसला म्हणजे त्याचें मोल फार. उलट, एकाच पोथीवरून एकाच गांवांत उतरलेल्या पन्नास प्रती म्हणजे एकच साक्ष पन्नास वेळां लिहून घेतल्यासारखें आहे. पोथ्यांस जो नियम तोच डिस्कांस.

असो. सनद मिळाली, परंतु तिचा अंमल सामान्य माणसांच्या हातीं येण्यास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं. १९९६ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत लॅरी पेज व सर्गी ब्रिन हे दोघे विद्यार्थी पुढें गूगल ह्या नांवानें जगप्रसिद्ध झालेल्या शोधयंत्राची खटपट करीत होते. त्यांनीं चार चार गिगाबाइटच्या दहा डिस्का जमविल्या आणि त्या ठेवण्यास मुलांच्या खेळण्यांतल्या रंगीबेरंगी ठोकळ्यांचें घर रचलें. जुळवाजुळवीच्या विद्येचा तो नमुना स्टॅनफर्ड येथें जतन करून ठेवलेला आहे. पुढें २००९ सालीं बॅकब्लेझ ह्या लहानशा अमेरिकन कंपनीनें आपल्या लाल पेटीचा संपूर्ण आराखडा जगजाहीर केला. दीड दीड टेराबाइटच्या ४५ साध्या डिस्का, पंधरा पंधरांचे तीन गट, प्रत्येक गटांत दोन डिस्का राखणीला; एकंदर ६७ टेराबाइट आणि खर्च ७,८६७ डॉलर. व्यापाराचें गुपित सहसा कोणी सांगत नाहीं. ह्या मंडळींनीं तें सांगितलें, आणि तेव्हांपासून घरगुती दफ्तरखाना बांधणाऱ्या हौशी लोकांस एक आदर्शच मिळाला.

ह्याच कंपनीवर दोन वर्षांनीं जो प्रसंग गुदरला तो आमच्या मतें ह्या सर्व इतिहासाचा कळस आहे. २०११ सालीं थायलंड देशांत पावसानें कहर केला. ऑक्टोबर महिन्यांत अयुध्या व पथुमथानी ह्या प्रांतांतील औद्योगिक वसाहती पाण्याखालीं गेल्या. वेस्टर्न डिजिटल कंपनीचे डिस्कांचे कारखाने बुडाले; डिस्कांच्या मोटारी करणाऱ्या निडेक कंपनीच्या कारखान्यांतहि पाणी शिरलें. थोड्याच आठवड्यांत जगभर सुट्या डिस्कांच्या किंमती दुप्पट तिप्पट झाल्या. ज्यांचा सर्व व्यवहार स्वस्त डिस्कांवर चालावयाचा त्यांनीं करावें तरी काय? बॅकब्लेझच्या लोकांच्या असें ध्यानांत आलें कीं, किरकोळ दुकानांत मिळणाऱ्या एक्स्टर्नल डिस्का अजून त्या मानानें पुष्कळ स्वस्त आहेत, आणि त्यांच्या प्लॅस्टिकच्या कवचाआड तीच डिस्क आहे. दुकानदार एका गिऱ्हाइकास दोनच देत. तेव्हां कंपनीचे नोकर, त्यांचे आप्तेष्ट व मित्र सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचीं दुकानें पालथीं घालूं लागले. आणलेल्या पेट्या भुईमुगाच्या शेंगेप्रमाणें सोलून आंतला दाणा काढून घ्यावयाचा असा क्रम चालला. अशा रीतीनें त्यांनीं १,८०० हून अधिक डिस्का, म्हणजे सुमारें साडेपांच पेटाबाइट जागा मिळविली. एक्स्टर्नल डिस्क विकत घेऊन सोलण्याची चाल हौशी लोकांत पूर्वीं नव्हती असें नव्हे. पण ह्या प्रसंगानें तिला जणूं शिक्कामोर्तब झालें.

वाचक ह्या धडपडीचें कौतुक करतील, आणि तें योग्यच आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकानें येथें क्षणभर थांबलें पाहिजे. जगांत डिस्का कोट्यवधि होत्या. त्या असंख्य घरांत व कचेऱ्यांत विखुरलेल्या होत्या. एक मेली तर दुसरी उभी राही. परंतु त्यांचे कारखाने एका नदीच्या खोऱ्यांत दाटीवाटीनें वसलेले होते! डिस्का परस्परांपासून स्वतंत्र होत्या, पण त्यांचें जन्मस्थान नव्हतें. बर्कलेच्या हिशेबांत जें गृहीत धरलें होतें तें एका पावसाळ्यानें जगाच्या पातळीवर खोटें पाडलें. संख्येनें बेफिकीर झालेल्या मनुष्यास निसर्गानें स्वातंत्र्याचा धडा दिला तो असा.

आतां घरगुती दफ्तरखान्याकडे वळूं. त्याचीं साधनें आज फारशीं दुर्मिळ राहिलेलीं नाहींत. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें २००५ सालीं झेड.एफ.एस. ह्या आपल्या व्यवस्थेची मूळ संहिता सर्वांस खुली केली. तिचा विशेष असा कीं, ती प्रत्येक मजकुराची खूणगांठ वेगळी लिहून ठेवते, आणि डिस्कनें न सांगतां एखादें अक्षर बदललें तर ती लबाडी पकडते. अनरेड नांवाच्या दुसऱ्या व्यवस्थेंत प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणें वाचतां येते व एक डिस्क बेरजेस राखलेली असते. त्यामुळें दोन डिस्का एकदम गेल्या तरी उरलेल्यांवरचा मजकूर शाबूत राहतो. ह्याउलट, २००७ सालीं विक्रीस आलेली ड्रोबो ही पेटी वापरण्यास फार सोपी म्हणून नांवाजली, पण तिची लिहिण्याची पद्धति तिची एकटीचीच होती. २०२२ सालीं तिच्या मालक कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हां पेटी बिघडली तर दुसरी आणावी कोठून, ह्या विवंचनेंत तिचे ग्राहक पडले. डिस्का पुष्कळ असून उपयोग काय, त्यांची किल्ली एकाच सोनाराच्या हातीं होती.

असेच छुपे बंध घरोघर असतात. चार डिस्का एकाच दिवशीं, एकाच दुकानांतून, एकाच खोक्यांतून आणल्या तर त्या जुळ्या भावंडांप्रमाणें एकाच वेळीं आजारी पडण्याचा धोका असतो. सगळ्या एक्स्टर्नल डिस्का एकाच यू.एस.बी. हबला जोडल्या तर तो हब किंवा त्याची एक ढिली वायर सगळ्यांस एकदम बेपत्ता करते, आणि बिचारी व्यवस्था समजते कीं घरांत पटकी आली. कांहीं डिस्कांत जागा वाढविण्याकरितां लेखनाचे पट्टे कौलांप्रमाणें एकावर एक चढविलेले असतात; मधलें एक कौल बदलावयाचें तर शेजारचीं उचलावीं लागतात. अशा डिस्कांवर मृत डिस्कची जागा भरण्याचें काम फार रेंगाळतें. कित्येक कारखानदार ही रचना ग्राहकास न कळवितां विकत होते हें २०२० सालीं उघडकीस आलें. बर्कलेच्या गणितांत मेलेली डिस्क तासाभरांत बदललेली होती. आमच्या घरांत ती बदलावयास आधीं कोणाच्या तरी लक्षांत यावयास हवी, मग पैसे हवेत, मग दुकान उघडें हवें. तोंवर दुसरी गेली तर?

आणि एवढें सगळें साधलें तरी एक शत्रु उरतोच. तो म्हणजे धन्याचा स्वतःचा हात. १९९८ सालीं पिक्सार कंपनींत 'टॉय स्टोरी २' ह्या चित्रपटाचें काम चालू असतां कोणाच्या तरी एका आज्ञेनें त्याचा मजकूर भराभर पुसला जाऊं लागला. डिस्का ठणठणीत होत्या; त्यांनीं पुसण्याची आज्ञाहि प्रामाणिकपणें पाळली. राखून ठेवलेला बॅकअप पाहिला तर तो कित्येक दिवसांपासून नीट होत नव्हता. अखेर चित्रपट वांचला तो गॅलिन ससमन ह्या बाईंच्या घरच्या संगणकामुळें. लहान बाळामुळें त्या घरून काम करीत व त्यांच्याजवळ चित्रपटाची एक प्रत होती. जूट कितीहि मजबूत असो, ती मजकुराची एकच प्रत होय. त्या प्रतींत जें पुसलें तें सर्वत्र पुसलें जातें. दुसरी प्रत ती, जी दुसऱ्या घरांत, दुसऱ्याच्या हाताखालीं आहे.

पीटर क्रोग ह्या अमेरिकन छायाचित्रकारानें लोकप्रिय केलेला नियम ह्याचसाठीं आम्हांस मोलाचा वाटतो: प्रती तीन असाव्या, त्या दोन जातींच्या साधनांवर असाव्या, आणि एक तरी निराळ्या स्थळीं असावी. ज्याची ऐपत थोडी आहे त्यानें एका मेजावर दहा डिस्कांची आरास मांडण्यापेक्षां दोनच डिस्का घ्याव्या, त्याहि निरनिराळ्या कंपन्यांच्या, आणि एक भावाच्या किंवा स्नेह्याच्या घरीं ठेवून महिन्यामहिन्यास अदलाबदल करावी. ह्यांत आरास नाहीं, पण स्वातंत्र्य आहे. शिवाय वर्षांतून एकदां तरी त्या डिस्का उघडून, आंतला मजकूर खरोखर वाचतां येतो कीं नाहीं, हें पाहावें. न उघडलेला बॅकअप हा न वाजविलेल्या रुपयासारखा; तो खोटा निघाला हें बाजारांत गेल्यावरच कळतें.

हा खटाटोप कशाकरितां, असें कोणी विचारील. आमच्या पूर्वजांचीं पत्रें, हिशेब, करीने हे माळ्यावरच्या पेटाऱ्यांत दोनदोनशें वर्षें कोणी न पाहतां पडून राहिले, आणि म्हणूनच मराठ्यांचा इतिहास लिहितां आला. आजच्या घराचा पेटारा डिस्क हा आहे, आणि तो पडून राहूं शकत नाहीं. आजीचा आवाज, वडिलांचीं पत्रें, लग्नकार्याचीं छायाचित्रें, गांवच्या संस्थेचा जमाखर्च हें सर्व त्यांत आहे; कोणी लक्ष दिलें नाहीं तर पांचदहा वर्षांत तें मुकाट्यानें नाहींसें होईल, आणि उद्यांच्या इतिहासकारास आमच्या पिढीच्या जागीं कोरें पान सांपडेल. राजाचा ताम्रपट आमच्यापाशीं नाहीं. लेखनिकाची विद्या मात्र आहे, आणि ती स्वस्त आहे. दुबळ्यांची जूट बळकट असते हें खरेंच. फक्त ते सर्व एकाच नावेंत बसलेले नसावेत.